शून्य ताणाचा वॉर्ड

इन्चार्जबाईंच्या घरात कोणतीही नवी बाटली, बरणी किंवा पाकीट उघडलं की त्यावर पांढरी चिकटपट्टी लावून तारीख, वेळ आणि सही करावी लागते. नर्स म्हणून सव्वीस वर्षं औषधांच्या बाटल्यांवर हेच केल्यामुळे त्यांचा हात आपोआप तिकडे जातो. एकदा सासऱ्यांनी अंगाचा साबण गुपचूप उघडला. वेष्टनावर सही नव्हती. दोन दिवस चौकशी चालली. शेवटी सासऱ्यांनी मागच्या तारखेने सही करून दिली आणि प्रकरण मिटलं.

साथ आली तशा बाई घरात असून नसल्यासारख्या झाल्या. ड्यूटीवरून आल्या की आंघोळ करून थेट मागच्या खोलीत. जेवणाचं ताट दाराशी, नवरा दारापासून सहा फुटांवर स्टुलावर.

"ओव्हर द्या," बाई आतून म्हणायच्या.

ड्यूटी संपवणारी नर्स पुढच्या पाळीच्या नर्सला प्रत्येक पेशंटची हकीकत सांगून वॉर्ड सोपवते, त्याला ओव्हर देणं म्हणतात. नवऱ्याला हे लग्नानंतर आठवड्याभरातच कळलं होतं. तो कागद काढून वाचायचा. "बाबा जेवले. बीपीची गोळी घेतली. लेकीने गणिताची परीक्षा मोबाइलवर दिली, मध्येच रेंज गेली असं तिचं म्हणणं आहे. तक्रार नाही."

"बाबांना लघवी किती वेळा?"

"ते मी विचारणार नाही."

"नोंद नको?"

"अगं, ते माझे वडील आहेत. पेशंट नाहीत."

कागदावर ती जागा रिकामी राहिली हे बाईंना रात्रभर टोचायचं. रिकामी जागा त्यांना बघवत नाही. या स्वभावानेच पुढे घात केला.

त्यांचा वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर. बावीस खाटा, तीन पाळ्या मिळून अकरा नर्स, एक वयस्कर वॉर्डबॉय ज्याला सगळे मामा म्हणतात आणि साफसफाईच्या मावशी. सगळ्या नर्सना पेशंट 'सिस्टर' म्हणत असल्याने आपापसात टोपणनावं चालतात. पीपीई किट चढवलं की चेहरा जातो, उरते फक्त उंची. म्हणून नावंही उंचीवरून पडली आणि मामा ती मार्करने प्रत्येकीच्या पाठीवर लिहीत. एक लांबी. भिंतीवरचा ऑक्सिजनचा सगळ्यात वरचा व्हॉल्व्ह स्टूल न घेता फिरवणारी वॉर्डात ती एकटीच. एक पिटुकली. दोन-दोन हातमोज्यांमधूनही हिला शीर सापडते. डॉक्टर तीनदा टोचून थकले की मान खाली घालून हिला बोलावतात.

वॉर्डात एकच शब्द बंद होता. 'शांत'. 'आज कसं शांत आहे' असं कोणी म्हटलं की पाठोपाठ गोंधळ उडतो, यावर जगातल्या झाडून सगळ्या नर्सचा ठाम विश्वास असावा. इन्चार्जबाईंचा तर होताच. एका नव्या डॉक्टरने हा शब्द उच्चारला, त्यानंतर अर्ध्या तासात लिफ्टमधून पाच पेशंट आले. तेव्हापासून तो डॉक्टर वॉर्डात शिरला की मावशी त्याच्याकडे बघत तोंडावर बोट ठेवत आणि बाई ओरडत, "मावशी, तोंडाला हात नाही!"

साथीच्या चौथ्या महिन्यात कार्यालयाला नर्सच्या मनाची काळजी वाटू लागली. एक छापील तक्ता आला. प्रत्येक नर्सने रोज भरायचा. प्रश्न सहा: झोप उडते का, चिडचिड होते का, भूक मरते का, भीती वाटते का, कामाचं ओझं वाटतं का, घरी खटके उडतात का. प्रत्येकापुढे शून्य ते दहा. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे विचारूच नका. तक्ते सकाळी दहाच्या आत पोचले पाहिजेत, इन्चार्जच्या सहीने.

सकाळी दहाला वॉर्डातल्या कोणालाही स्वतःचं नाक पुसायची सोय नव्हती, तक्ता कोण भरणार? पहिल्या दिवशी अकराच्या अकरा कागद कोरे राहिले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पेन काढलं आणि सगळीकडे शून्य लिहून टाकलं.

यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. त्यांच्या धंद्यात शून्य ही चांगली गोष्ट आहे. वेदना शून्य, उलट्या शून्य, रक्तस्राव शून्य, पेशंट घरी. आणि ज्या कागदावर काहीच गडबड नाही त्यावरून फोन येत नाही, हा सव्वीस वर्षांचा अनुभव. पहिल्या आठवड्यानंतर त्या रविवारीच पुढच्या आठवड्याची शून्यं काढून ठेवू लागल्या. चहा पिता पिता अर्ध्या तासाचं काम. एकवीस दिवस, रोज अकरा कागद, प्रत्येकावर सहा शून्यं. हात इतका बसला की शेवटी शेवटी शून्यं अगदी छापल्यासारखी यायची.

बाविसाव्या दिवशी, मंगळवारी, पत्र आलं.

"अभिनंदन," पिटुकलीने मोठ्याने वाचलं. "आपला विभाग रुग्णालयातील सर्वात तणावमुक्त विभाग ठरला आहे."

"बघ," बाई म्हणाल्या.

"सबब, तिसऱ्या मजल्यावरील विभागात ताणाची सरासरी नऊ आढळल्याने, आपल्याकडील दोन परिचारिका सोमवारपासून तिकडे वर्ग करण्यात येत आहेत." तिने पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. "ताई, हे माझं नाव आहे. आणि लांबीचं."

अकरातून दोन गेल्या म्हणजे नऊ. त्यात कुरळी, म्हणजे उंची बेताची म्हणून केसांवरून नाव पडलेली तिसरी जुनी नर्स, स्वतःच आजारी पडून याच वॉर्डात सात नंबरच्या खाटेवर होती. राहिल्या आठ. तीन पाळ्या, बावीस खाटा. आणि शिरा कोण शोधणार? वरचा व्हॉल्व्ह कोण फिरवणार? मामा? मामांना कपाटाचा वरचा कप्पा दिसत नव्हता.

तिसऱ्या मजल्याचं नाव वाचून मात्र त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. तिथली इन्चार्ज त्यांच्याच बॅचची. नर्सिंगच्या होस्टेलात दोघी एका खोलीत. परीक्षेच्या आदल्या दिवशी हिने त्यांची निळी बादली 'पाच मिनिटांत देते' म्हणून नेली, ती आजतागायत आलेली नाही. वर नऊ-नऊ लिहिणारी तीच होती. रोज, सगळ्यांना, सहाही प्रश्नांना नऊ. आणि तीसुद्धा रविवारीच लिहून ठेवत असणार, हे बाईंना न पाहताच माहीत होतं. तक्ते भरायला शिकवणाऱ्या ट्यूटर दोघींना एकच होत्या.

बाई सगळ्या नर्सच्या प्रमुख असलेल्या मेट्रनबाईंकडे गेल्या.

"आमच्याकडे ताण आहे," त्या म्हणाल्या.

"किती?"

"भरपूर."

मेट्रनबाईंनी फाइल उघडून त्यांच्यापुढे सरकवली. "ही सही कोणाची?"

"माझी."

"मग आता काय म्हणू? नोंद खोटी आहे असं लिहून देता का? त्याची चौकशी लागेल, ते वेगळं." मेट्रनबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "शुक्रवारी अकरा वाजता समुपदेशक बाई पडताळणीला येणार आहेत. दोन्ही वॉर्ड बघतील. तुमचा आधी. त्या म्हणतील ते होईल. त्यांना दाखवा काय तो ताण."

त्या रात्री ओव्हर घेताना बाईंनी लघवीचं विचारलं नाही. नवरा घाबरला. "बरं नाही का?" त्याने दारातून विचारलं. सासऱ्यांनी लांबून सांगितलं की आज तीनदा झाली, कोणाला हवी असेल तर नोंद घ्या.

शुक्रवारसाठी वॉर्डाने आराखडा केला. ताण दिसला पाहिजे. पण दाखवायचा कसा?

"मी रडू का?" लांबीने विचारलं.

"येतं का तुला?"

"येतं हो. पण गॉगलमधून दिसणार नाही. आधीच वाफ धरते."

"मी थरथरते," पिटुकली म्हणाली.

"तू थरथरलीस तर पेशंट घाबरतील. सुई असते तुझ्या हातात."

मग बाईंनी ठरवून दिलं. अंगापेक्षा वस्तूंनी बोलायचं. एक ट्रे वाकडा ठेवायचा. चार नंबरची चादर चुरगळलेली राहू द्यायची. फोन वाजत सोडायचा. मामांनी रिकामी ट्रॉली घेऊन उगाच इकडून तिकडे पळायचं. मावशींनी कोपऱ्यात हताश बसायचं, पण कपाळाला हात न लावता.

"मग हताश कशी दिसू?" मावशींनी विचारलं. "हात लावल्याशिवाय मला नुसतं बसल्यासारखं वाटतं."

"मान हलवा."

मावशींनी हलवून दाखवली. ती नको म्हटल्यासारखी दिसत होती. चालेल, असं ठरलं.

शुक्रवारी अकराला पाच कमी असताना बाहेरच्या काचेच्या दाराशी किट चढवलेली एक नवी आकृती उभी राहिली. तिच्या पाठीवर मामांनी 'पाहुण्या' लिहिलं होतं. दार सरकण्याचा आवाज झाला.

आता, ज्याने कधी वॉर्डात काम केलंय त्याला पुढचं सांगायला नको. दाराशी बाहेरचं माणूस दिसलं की नर्सचा मेंदू मागे पडतो आणि हात पुढे जातात. सव्वीस वर्षांच्या राउंडनी तेच शिकवलेलं. लांबीने वाकडा ट्रे सरळ केला. पिटुकलीने चार नंबरची चादर एका झटक्यात ताणून कोपरे असे मोडले की वर टाकलेलं नाणं उडालं असतं. फोन पहिल्याच घंटेला उचलला गेला. मामांनी ट्रॉली भिंतीला समांतर लावली आणि तिच्या बाजूला ताठ उभे राहिले. मावशी कोपऱ्यातून उठल्या, फरशी पुसली आणि पुन्हा बसायचं विसरल्या. बावीस खाटांच्या चाकांची तोंडंसुद्धा एका दिशेला होती. हे कोणी केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. बाईंना स्वतःच्याच पायाचा संशय होता.

समुपदेशक बाईंनी सगळीकडे नजर फिरवली. त्यांच्या आवाजात खरंखुरं कौतुक होतं.

"किती शांत आहे हो तुमच्याकडे!"

पिटुकलीच्या हातातून कापसाचा डबा पडला. लांबीने डोळे मिटले. सात नंबरच्या खाटेवरून कुरळी क्षीण आवाजात म्हणाली, "म्हणाल्या का त्या? म्हणाल्याच का?"

पाच सेकंद काही झालं नाही. मग चौदा नंबरचा मॉनिटर किंचाळू लागला. सगळे धावले. चौदा नंबरचे काका पुस्तक वाचत होते. बोटाला लावलेला ऑक्सिजन मोजायचा चिमटा त्यांनी पान हरवू नये म्हणून पुस्तकाला लावला होता.

"काका, पुस्तकाचा श्वास थांबलाय," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात तीन नंबरच्या आजोबांची कवळी हरवली. शोधता शोधता ऑक्सिजनच्या दाबाचा भोंगा वाजला. लांबीने दोन ढांगांत भिंत गाठून वरचा व्हॉल्व्ह फिरवला, भोंगा बंद झाला. लिफ्ट उघडली, दोन पेशंट एकदम आले. एकीची शीर मिळेना. डॉक्टरांनी एकदा टोचलं, दोनदा टोचलं, मान खाली घातली. पिटुकली गेली, डोळे मिटून बोट फिरवलं, सुई आत. नातेवाइकांशी बोलण्यासाठी ठेवलेला टॅब त्याच वेळी वाजू लागला आणि ज्याचे हात रिकामे दिसले त्याच्या हातात बाईंनी तो कोंबला.

"पाहुण्या, तुम्ही घ्या!"

"मी? मी पडताळणीला—"

"नऊ नंबर. बायको आहे त्यांची. तोंडाजवळ धरू नका, लांब धरा."

समुपदेशक बाईंनी टॅब धरला. स्क्रीनवर एक बाई आणि तिच्यामागे साधारण अर्धी इमारत उभी होती.

"अहो, कपाटाची किल्ली कुठे ठेवलीत?" बायकोने विचारलं.

नऊ नंबरांनी मास्कमधून काहीतरी सांगितलं.

"काय म्हणाले?" बायको.

"जुन्या बुटात म्हणाले," समुपदेशक बाई.

"कुठल्या पायाच्या?"

"कुठल्या पायाच्या?" समुपदेशक बाईंनी नऊ नंबरांना विचारलं. मागच्या अर्ध्या इमारतीने आपापली मतं दिली.

असे नऊ फोन झाले. एका घरी मांजर आजारी होतं, एका घरी दोन सुना बोलत नव्हत्या आणि दोघींनाही सासऱ्यांशी आधी बोलायचं होतं. दीड तासाने समुपदेशक बाईंनी हळूच विचारलं, "बाथरूम कुठे आहे?"

"किट उतरवल्यावर," बाई म्हणाल्या.

"कधी उतरवायचं?"

"तुमचं दोनला. त्याच्या आधी बाहेरची खोली रिकामी नाही." बाईंना वाईट वाटलं. "काल संध्याकाळपासून पाणी पिऊ नका, हे कोणी सांगितलं नाही का तुम्हाला? याआधी कधी किट घातलेलं दिसत नाही."

समुपदेशक बाई कुरळीच्या खाटेशेजारच्या स्टुलावर टेकल्या. कुरळी शेजारच्या बाटलीवर नजर ठेवून होती. "सिस्टर, आठ नंबरचं सलाइन संपत आलंय!" तिने आवाज दिला.

"तुम्ही नर्स?"

"याच वॉर्डची. नऊ दिवस झाले भरती होऊन."

समुपदेशक बाई तिच्याकडे वळल्या. "तुमचा तक्ता मी पाहिलाय. गेल्या आठवडाभर रोजचा आहे. झोप उडत नाही, भूक चांगली, कामाचं ओझं शून्य."

कुरळीने विचार केला. "झोप चांगलीच आहे म्हणा. काम कुठे आहे मला? पण मी भरला नाही. मला ताप होता."

बाई तीन पावलांवर उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. आठ नंबरची बाटली बदलली, तिच्यावर चिकटपट्टी लावून तारीख, वेळ, सही केली. मग वळल्या.

दोन वाजता बाहेरच्या खोलीत त्या समुपदेशक बाईंसमोर उभ्या राहून किट उतरवण्याच्या पायऱ्या सांगत होत्या. आधी वरचे हातमोजे. हात धुवा. आता गाऊन, आतली बाजू बाहेर. हात धुवा. गॉगल. मागून धरा. हात धुवा. शेवटच्या वेळी हात धुताना बाई त्याच स्वरात पुढे म्हणाल्या, "आणि ती शून्यं माझ्या हातची आहेत. एक हजार तीनशे शहाऐंशी. मुलींना त्यातलं काही माहीत नाही. कागद कोरे जात होते म्हणून मी भरले. जे काय व्हायचं ते माझं होऊ द्या. त्या दोघींना हलवू नका."

समुपदेशक बाईंच्या नाकावर गॉगलचा लाल वळ उठला होता. केस डोक्याला चिकटले होते. "मोजली तुम्ही शून्यं?"

"रिकामी जागा राहिली का ते बघायला मोजते मी."

"बरं. मग एक सांगा. तिसऱ्या मजल्यावर सगळ्यांना रोज नऊच कसे? सहाही प्रश्नांना?"

बाईंच्या डोळ्यांपुढे निळी बादली आली. एक वाक्य पुरलं असतं. सव्वीस वर्षांचं उट्टं निघालं असतं आणि दोघी मुली बसल्या जागी वाचल्या असत्या. पण वर बारा नर्स होत्या, त्यांच्याही खाटा भरलेल्या होत्या, आणि त्या बयेने नऊ लिहिले तेही आपल्या मुलींसाठीच.

"तिसरा मजला वर आहे," त्या म्हणाल्या. "मला खालून दिसत नाही."

समुपदेशक बाई बाथरूमला जाऊन आल्या. आल्यावर बाईंनी सवयीने एक कोरा तक्ता आणि पेन पुढे केलं. "तुमचाही भरा. वॉर्डात काम केलंत ना. नाहीतर मी भरते."

"नको, तुम्ही नका भरू," समुपदेशक बाई घाईघाईने म्हणाल्या आणि स्वतः लिहायला बसल्या. झोप, आजची कळेल. चिडचिड नऊ. भीती आठ. ओझं दहा. खटके, घरी गेल्यावर उडतील असं वाटतं. भूक मरते का, यापुढे मात्र त्यांनी मोठं शून्य काढलं. त्या दिवशी त्यांनी बाईंच्या टेबलावरचा बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला. पुड्यावर उघडल्याची तारीख होती.

तिसऱ्या मजल्यावर त्या गेल्याच नाहीत. सोमवारी सकाळी अर्ध्या पानाचा आदेश आला. बदल्या रद्द. तक्ते बंद. कारण असं दिलं होतं की ज्या वॉर्डात नर्सला रोज तक्ता भरायला वेळ मिळेल तिथे तो भरून घेण्याची गरज नाही. शेवटी एक वेगळी ओळ होती: पडताळणीस जाणाऱ्यांना पाणी न पिण्याबाबत आदल्या दिवशी कळवण्यात यावे. इन्चार्जबाईंना नोंदींबद्दल तोंडी समज मिळाली. मेट्रनबाईंनी ती दोन मिनिटांत उरकली आणि मग विचारलं, कवळी सापडली का? सापडली होती. टॅबच्या खोक्यात.

दुपारी वरून फोन आला. पलीकडे सव्वीस वर्षांत न बदललेला आवाज.

"तू माझं नाव घेतलं नाहीस म्हणे."

"विचारलं नाही कोणी," बाई म्हणाल्या.

"खोटं नको बोलूस. तुला कधी जमलं नाही ते. म्हणून तर शून्यं पकडली गेली." पलीकडे चिकटपट्टी फाडल्याचा आवाज आला. "मामांना लिफ्टशी पाठव."

मामा गेले आणि निळी बादली घेऊन आले. रंग उडाला होता, पण तीच होती. कडीवर ताजी पांढरी चिकटपट्टी. त्यावर सव्वीस वर्षांपूर्वीची तारीख, खाली आजची, वेळ आणि सही. मागच्या तारखेने केलेली नोंद बाईंनी ओळखली, पण काही बोलल्या नाहीत. त्यांनी सामानाचं रजिस्टर काढलं आणि लिहिलं: प्लास्टिकची बादली, निळी, नग एक, मिळाली. मग मावशींना ती भरून बघायला सांगितली.

मावशी मान हलवत आल्या. या वेळी ती अगदी हताश दिसली.

"बाई, तळाला चीर आहे. सगळं पाणी फरशीवर."

इन्चार्जबाईंनी फोन उचलला आणि तिसरा मजला लावला.

"हॅलो," त्या म्हणाल्या. "मी दिली तेव्हा फुटकी नव्हती."